शरणप्पांचा आभाळबाप

शरणप्पा गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. ते मी एका सरकारी कागदावर वाचलं. गुलबर्ग्याच्या आमच्या कचेरीत सध्या गठ्ठे बांधणं चाललंय. हैदराबाद राज्य मोडायला थोडेच दिवस उरलेत. कुठली फाईल म्हैसूरकडे जाणार, कुठली मुंबईकडे, यावरून कारकून दिवसभर वाद घालतात. त्याच गडबडीत माझ्या टेबलावर सहीसाठी एक कागद आला. औरादकडच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक मयत झाल्यामुळे जागा रिकामी आहे, तरी दुसरा शिक्षक द्यावा... मी सवयीने आधी सही केली, मग नाव वाचलं. नावातसुद्धा एक अक्षर चुकलं होतं. तारीख पाहिली तर त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. कारकून समोर उभा होता. ‘ओळखीचे होते का साहेब?’ म्हणाला. मी ‘हो, थोडे’ म्हणालो. त्या ‘थोडे’ची मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ओळख थोडी नव्हती. बीदरच्या हायस्कुलात आम्ही सात वर्षं एकत्र होतो. निजामाचा अंमल होता, शाळा उर्दूत चालायची. शरणप्पा फारसी शिकवायचे आणि मी संस्कृत. ते भालकीकडच्या कापडाच्या व्यापाऱ्यांच्या घरातले, बसवण्णांना मानणारे. शेरवानीच्या आत गळ्यात इष्टलिंग. आईशी, म्हणजे त्यांच्या अवाशी, कानडी, बाजारात मराठी, वर्गात उर्दू. एकाच वाक्यात ते तीन घरं फिरून यायचे. मी गाणगापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा. माझ्या वर्गात चार-पाच डोकी, त्यांचा वर्ग खच्चून भरलेला, कारण नोकरी फारसी-उर्दूवर मिळायची. मधल्या सुट्टीत ते माझ्या रिकाम्या वर्गात डोकावून म्हणायचे, ‘दिगंबरराव, तुमचे देव उपाशी मरायलेत बगा.’ मी चिडायचो. त्यांना तेच हवं असायचं.

त्यांच्या डोक्यात हे सगळं कधी शिरलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. लहानपणी ते गल्लीतल्या एका मौलवीसाहेबांकडे शिकायला जात. पहिल्या पुस्तकात गोष्ट होती, एका देवानं शहजादीला डोंगरावर कोंडून ठेवलं. उर्दूत आणि फारसीत ‘देव’ म्हणजे राक्षस, दांडगा, शिंगांचा. ‘घरी देव म्हटलं की अवा हात जोडायला सांगायची, मौलवीसाबाकडं देव म्हटलं की पोरं पळायची. मी इचारलं, हे असं कामून? एकच शब्द हाय न्हव का?’ मौलवीसाहेब रागावले नाहीत. त्यांनी म्हणे पोराच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की विचारत राहा, मला ठाऊक नाही. शरणप्पा म्हणायचे, ‘मला ठाऊक न्हाई म्हणणारा तेवढा एकच गुरू मला भेटला.’ मग माझ्याकडे बघून हसायचे, कारण मला सगळंच ठाऊक असायचं.

एक दिवस त्यांनी सरळ सौदा मांडला. मी त्यांना संस्कृत शिकवायचं, त्यांनी मला फारसी. मी हो म्हणालो, पण जागा मी निवडली. शाळेच्या मागच्या बाजूला तांबड्या दगडाच्या पायऱ्या होत्या, तिथं शाळा सुटल्यावर कुणी फिरकत नसे. इथंच का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. गाणगापुरात माझ्या वडिलांच्या कानावर गेलं असतं की मी एका लिंगायताला वैदिक मंत्र शिकवतो, तर घरात काय झालं असतं ते त्यांना न सांगताच कळलं होतं. तीन वर्षं आम्ही त्या पायऱ्यांवर बसलो. माझी फारसी ‘पिदर’, ‘मादर’, ‘बिरादर’च्या पुढं फारशी गेली नाही. त्यांनी मात्र माझं सगळं संस्कृत काढून घेतलं आणि मला न सापडलेल्या गोष्टी त्यात शोधायला लागले.

एका दुपारी, सुट्टीचा दिवस होता, ते धापा टाकत माझ्या घरी आले. उंबऱ्याबाहेरच थांबले, माझ्या घरी ते नेहमी बाहेरच थांबत आणि मीही कधी ‘आत या’ म्हणालो नाही. हातात हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. म्हणाले, ‘घावला!’ मी विचारलं, कोण? म्हणाले, ‘बाप.’

मग अंगणातल्या दगडावर बसून त्यांनी सांगितलं. आपल्या जुन्या ऋचांमध्ये द्यौष्पिता आहे, द्यौ म्हणजे उजेडाचं आभाळ, तो बाप. ग्रीकांचा थोरला देव झ्यूस, तोही आभाळाचा, तोही बाप. रोमन लोकांचा ज्युपिटर, त्यातला ‘पिटर’ म्हणजे पितर, आणि आधीचा ‘ज्यु’ म्हणजे आपला द्यु. इंग्रजांच्या मंगळवारात, ट्यूसडेत, एक जुना देव लपलाय, तोही याच मुळाचा. ‘हजारो कोस लांब, एकमेकांची तोंडं न बघितलेली माणसं एकाच नावानं वर बघून हाका मारायलीत, दिगंबरराव. म्हंजी हे सगळे कवातरी एका घरात निजलेले असणार.’ मी म्हणालो, आपल्याकडे द्यौला कोण विचारतो? त्याचं एक धड स्वतंत्र सूक्त नाही, एक देऊळ नाही. ते म्हणाले, ‘त्येच तर. पोरं मोठी झाली, इंद्र आला, बाकीचे आले, बाप कोपऱ्यात गेला. तिकडं ग्रीकांनी त्याला सिंहासनावर ठिवला, आपण इसरलो.’ मग म्हणाले, ‘आन् गंमत बगा, माझी अवा ज्या कानडीत अंगाई म्हणायची, ती भाषा या घरातली न्हाईच. तिचं कूळच निराळं. मी माझ्या आईला बाहेर ठिवून बापाचं घर शोधायलोय.’ हे ते हसत म्हणाले. हसणं पुरतं नव्हतं.

त्यानंतर ते वाईट वर्ष आलं. उन्हाळ्यात रझाकारांनी भालकीच्या बाजारात आग लावली, त्यात शरणप्पांच्या चुलत्याचं दुकान गेलं आणि चुलते भाजून महिनाभरात गेले. भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, आणि मग ज्यांची घरं आधी वाचली होती त्यांची पाळी आली. मौलवीसाहेबांची गल्ली आठ दिवसांत रिकामी झाली. म्हातारे एका बैलगाडीत बसून हैदराबादकडे निघाले. शरणप्पा गावाबाहेरपर्यंत गाडीबरोबर चालत गेले होते. मौलवीसाहेबांनी त्यांना आपला फारसी कोश दिला, म्हणाले, मी परत येईपर्यंत ठेव. ते हैदराबादला पोचले नाहीत. एवढंच पुढं कळलं. कुठं अडले, कुणी अडवलं, ते कुणी सांगितलं नाही, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते विचारायचंही नव्हतं. मलाही नव्हतं.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा फारसीचा वर्ग बंद झाला होता. शरणप्पांना चित्रकला आणि कवायत दिली. ज्या माणसाला सरळ रेघ काढता येत नव्हती तो फळ्यावर मडकं काढायचा आणि पोरं हसायची. माझा वर्ग भरून गेला. ज्यांचे बाप कालपर्यंत फारसीच्या वर्गासाठी रांग लावत होते ते आता मला नमस्कार करायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू... फार बरं वाटलं. दोन वर्षांत मी तपासणी अधिकारी होऊन गुलबर्ग्याला आलो.

शरणप्पा बीदरला मडकी काढत राहिले आणि लिहीत राहिले. मराठीत, कारण मराठी शुद्ध करून द्यायला मी होतो. महिन्या-दोन महिन्यांनी मी बीदरला गेलो की नवी पानं असायची. सगळ्यात चांगलं प्रकरण भांडणावरचं होतं. हिंदुस्थानात आलेले आणि इराणात राहिलेले, दोघेही एकाच घरातले. घर फुटलं तेव्हा एकानं ज्याला देव म्हटलं त्याला दुसऱ्यानं राक्षस ठरवलं, आणि त्यांचा जो परमेश्वर अहुर, तो आपल्याकडे असुर झाला. लहानपणी मौलवीसाहेबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तीस वर्षांनी मिळालं होतं, पण सांगायला मौलवीसाहेब नव्हते. त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मी काढून टाका म्हणालो होतो. त्यात त्यांनी लिहिलं होतं की शेजाऱ्याचा देव सैतान वाटायला लागला की ओळखावं, आपण दोघे फार जुने भाऊ आहोत. मी म्हणालो, सध्याच्या दिवसांत नको. ते म्हणाले, ‘सध्याच्याच दिवसांत पायजे.’

गुलबर्ग्यात त्यांचं व्याख्यान मीच ठरवलं. एका वाङ्मय मंडळाची माघातली सभा होती, दुपारची. तोवर भाषावार प्रांतांचं वारं जोरात होतं. मराठीवाले एका बाजूला बसले, कानडीवाले दुसऱ्या. माझे वडील गाणगापूरहून आले आणि पहिल्या रांगेत बसले. मुलाने भरवलेली सभा बघायला आले होते. मी मंचावर, शरणप्पांच्या शेजारी.

पहिली वीस मिनिटं शांततेत गेली. आभाळबापाची गोष्ट लोकांना आवडली, आपले देव ग्रीसपर्यंत पोचले असं त्यांनी परस्पर समजून घेतलं. मग शरणप्पा असुराकडे वळले आणि खुर्च्या वाजायला लागल्या. कानडी बाजूनं कुणीतरी ओरडलं की आपल्या माणसाला त्यांच्या वेदांची उठाठेव कशाला? दुसऱ्या बाजूनं आलं, रझाकारांची भाषा इथं चालणार नाही! शरणप्पा थांबले. म्हणाले, ‘माझ्या चुलत्याचं दुकान त्यांनी जाळलं. चुलता माझ्या मांडीवर मेला. दुकान माणसांनी जाळलं, भाषेनं न्हाई जाळलं.’ तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक निवृत्त वकील उठले, माझ्या वडिलांचे स्नेही. अगदी सभ्यपणे त्यांनी विचारलं, ‘हे सगळं ठीक. पण आपल्याला संस्कृत कोणी शिकवलं? कोणापाशी अध्ययन झालं?’

शरणप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मला उठून दोन शब्द बोलायचे होते. मी शिकवलं, एवढेच. वडील समोर होते. मी हातातला कार्यक्रमाचा कागद वाचायला लागलो, त्यावर दोन ओळी होत्या, त्या मी किती वेळ वाचल्या कोण जाणे. मग शेजारून आवाज आला, ‘एका भल्या माणसानं शिकवलं. नाव घेत न्हाई, त्यांची अडचण व्हईल.’ लोक हसले. वकील म्हणाले, म्हणजे गुरूच नाही! आणि सभा मोडली. बाहेर येताना वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बरं झालं, आपलं नाव आलं नाही.’ त्यांना ठाऊक होतं. म्हणजे तीन वर्षं मी ज्याला भीत होतो ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

महिनाभरात तक्रार आली. सदर शिक्षक धर्माची निंदा करतात, वर्गात फारसी शब्द शिकवतात. तक्रारीवर अहवाल मागवला गेला आणि तो लिहायला माझ्याकडेच आला. मला त्यांची सुटकाही करता आली असती. तक्रार खोटी आहे, एवढं लिहायला एक ओळ पुरली असती. पण वकिलांची उठबस आमच्या वरिष्ठांकडे होती, आणि सभा मी भरवली होती हे कुणी तरी काढलं असतं. मी लिहिलं: ‘त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे, मात्र शाळेच्या गरजा व त्यांचा व्यासंग यांचा मेळ बसत नाही.’ मला ते वाक्य त्या वेळी समतोल वाटलं होतं. त्या वाक्यावर त्यांना हायस्कुलातून काढून औरादच्या पलीकडे एका खेड्यात, प्राथमिक शाळेत टाकलं. तेलंगणाच्या हद्दीजवळ, जिथं मोटार नदीच्या अलीकडेच थांबते आणि पुढं दोन कोस चालावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात मी ती शाळा तपासायला गेलो. टाळता आलं असतं, पण वाटलं, माफी मागू. एक खोली, शंभर वर्षांचं कौलारू छप्पर, चाळीस पोरं. शरणप्पा वाळले होते, डोळे पिवळट दिसत होते. त्यांनी मला रीतीप्रमाणे खुर्ची दिली, हजेरीपट पुढं ठेवला, ‘साहेब’ म्हणाले. पोरं गेल्यावर आम्ही शाळेबाहेर उभे राहिलो. मी बदलीचा विषय काढला, वरून हुकूम आला वगैरे सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

‘राहू द्या दिगंबरराव. तो अहवाल मी वाचलाय. कारकुनानं नक्कल दावली. खाली सही न्हवती, पर माझा धंदाच काय हाय? शब्द बघून कूळ वळखायचं. आधी तारीफ, मग मात्र. आन् निर्विवाद... अख्ख्या जिल्ह्यात ह्यो शब्द तुमीच वापरता. माझ्या पानांवर धा जागी तुमीच घातलाय.’

मी विचारलं, राग आहे का?

‘व्हय. हाय.’ इतक्या साधेपणानं म्हणाले, जसं कुणी ‘जेवलो’ म्हणतं. ‘सभेत गप बसलात, त्येचा न्हाई. भ्यालात, मानूस भितो. पर नंतर एकट्यानं बसून, शाई घेऊन, शब्द निवडून लिवलंत त्येचा हाय. तो जायाचा न्हाई.’ मग म्हणाले, ‘बदली रद करा म्हणत न्हाई मी. एक करा. तपासणीच्या शेऱ्यात माझ्याबद्दल चांगलं लिवू नका. कायबी लिवू नका.’

मी शेरा कोरा ठेवला. त्यांच्यासाठी मी पाळलेला तेवढा एकच शब्द.

कागद आल्यानंतर दोन दिवसांनी बीदरला शोकसभा झाली. ते वकील गुलबर्ग्याहून खास आले होते. आपला विरोध तात्त्विक होता, असं म्हणाले. कानडी मंडळींनी ‘आमचा शरण’ म्हटलं, मराठी मंडळींनी ‘मराठीचा उपासक’ म्हटलं. मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी जाहीर केलं की त्यांचा अपुरा ग्रंथ पुरा करून छापणं आता दिगंबररावांचं काम. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर मी परवा त्या खेड्यात गेलो.

शाळेला लागूनच त्यांची खोली आहे. त्यांच्या मंडळी नीलक्का दारात शेंगा फोडत होत्या. कावीळ झाली, औषधाला औरादला नेईपर्यंत नदीला पाणी, असं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. रडल्या नाहीत. मी ग्रंथाचं विचारलं. ‘अपुरा न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘श्रावणाच्या आधी पुरा करून बांधून ठिवलाय.’ आत जाऊन त्या जाड वही घेऊन आल्या, मांडीवर ठेवून पहिलं पान उघडलं. आभाराचं पान होतं. मौलवीसाहेबांचं नाव सगळ्यात वर, ठळक. त्याखाली लिहिलं होतं: ‘संस्कृत ज्यांनी शिकवले त्यांचे नाव त्यांच्या सोयीसाठी गाळले आहे.’

मी म्हणालो, अक्का, मी हे छापून घेतो. माझं नाव कुठंही न घालता.

‘नगं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी छापलं की लोक म्हणतील, दिगंबररावांनी दोस्तासाठी केवढं केलं. ते ऐकायला मला जमायचं न्हाई, अण्णा.’ त्यांनी मला अण्णा म्हटलं, म्हणून ते अधिक लागलं. ‘आधी मी वाचणार हाय. मग बगू.’

मला ठाऊक होतं की नीलक्कांना कानडी तेवढं वाचता येतं. मराठीची अक्षरं त्यांना येत नव्हती. तेव्हा माझं लक्ष खोलीत गेलं. खिडकीखाली शरणप्पांचं उतरतं मेज होतं, त्यावर शाळेतलं पहिलीचं मराठी पुस्तक उघडं पडलेलं, शेजारी पाटी. पाटीवर क ख ग, मोठ्या, थरथरत्या अक्षरांत. रोज दुपारी काम उरकलं की त्या तिथं बसतात, असं त्या म्हणाल्या. वर्ष लागेल, दोन लागतील.

मी निघालो तेव्हा त्या आत जाऊन त्या मेजाशी बसल्या होत्या. वही उघडून त्यांनी पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. जोडाक्षर, त्यावर दोन मात्रा आणि काना. ‘द...’ म्हणाल्या, थांबल्या. पुन्हा ‘द...’. खिडकीबाहेरून मला तो आभाळबापाचा शब्द दिसत होता. माझं तोंड उघडलं गेलं.

‘सांगू नका,’ नीलक्का मान वर न करता म्हणाल्या, आणि बोट तिथंच ठेवून पुन्हा पहिल्यापासून अक्षर लावायला लागल्या.